एरंडोलच्या नऊ चिठ्ठ्या

मामाने अमळनेरचं घर विकायला काढलं. आईच्या गुडघ्यांना आता रात्रभराचा प्रवास झेपत नाही, म्हणून आजी-आजोबांच्या ट्रंका उपसायला मी गेले. दोन दिवसांचं काम होतं, पाच दिवस राहिले. हे लिहिते आहे ते त्या वाढलेल्या दिवसांबद्दल, आणि खरं म्हणजे त्यातल्या एका दुपारबद्दल.

बोरिवलीहून रात्रीची गाडी पकडली. ही गाडी सुरतेवरून वळसा घालून तापीच्या काठाकाठाने खानदेशात शिरते. आरक्षित डब्यात अख्खं वऱ्हाड घुसलेलं, माझ्या बर्थवर तिघीजणी आणि एक ढोलकी. सुरतेपर्यंत मी नुसती धुमसत होते. सीटचे पैसे भरून रात्रभर पाय मुडपून बसायचं, याची मला अजूनही सवय होत नाही. पहाटे नंदुरबार सोडल्यावर त्यांच्यातल्या एका मावशीने फडक्यातली कळण्याची भाकरी आणि हिरव्या मिरचीचा ठेचा माझ्या हातावर ठेवला. "खाई ले बेटी, रातभर बठेलच शे तू," म्हणाली. राग तिथेच संपला. खिडकीबाहेर मोकळ्या रानात तांबड्या मिरच्या वाळत पडल्या होत्या आणि बंद काचेतूनही ठसका लागत होता.

ट्रंका उपसण्याचे पहिले दोन दिवस सांगण्यासारखे नाहीत. धूळ, नेफ्थलीन, आणि कोणती पातेली कोणाला यावरून मामींशी झालेलं बोलणं.

तिसऱ्या दिवशी आजोबांची पत्र्याची ट्रंक उघडली. गिरणीचा पितळी बिल्ला, तुटक्या काडीचा चष्मा, पोस्टाचं पासबुक, आणि तळाशी सुतळीने बांधलेला एक लहानसा गठ्ठा. मतदार चिठ्ठ्या होत्या. पूर्वी मतदानाच्या आदल्या दिवसांत पक्षांची माणसं घरोघर वाटायची, तशा. वर नाव, यादीतला क्रमांक, बूथ, कोपऱ्यात पक्षाचं चिन्ह. एकूण नऊ. १९७७, १९८०, १९८४, १९८९, १९९१, १९९६, १९९८, १९९९, २००४. सगळ्या लोकसभेच्या. प्रत्येकीच्या मागे आजोबांच्या ठसठशीत अक्षरात पेन्सिलने 'एरंडोल', आणि खाली निवडून आलेल्याचं नाव.

आजोबांचा जन्म १९३६ चा. मताचं वय तेव्हा एकवीस होतं, म्हणजे १९६२ पासून ते मत देत असणार. मग चिठ्ठ्या १९७७ पासूनच्याच का? मला वाटतं, आणीबाणीत एकदा हक्क जातो की काय असं वाटून गेल्यावरच माणसाला मताची चिठ्ठी जपावीशी वाटते. त्यांना विचारायला मात्र मी वीस वर्षं उशीर केला.

गठ्ठ्याखाली एक लांब पाकीट होतं. न चिकटवलेलं. त्यावर लिहिलेलं, 'मा. खासदार साहेब, एरंडोल लोकसभा मतदारसंघ, नवी दिल्ली.' 'मा.' आणि 'खासदार' यांच्यामध्ये नावापुरती जागा कोरी सोडलेली. आत आजोबांच्या हातचं दोन पानी पत्र आणि खाली सह्याच सह्या.

मामाला विचारलं. तो म्हणाला, "तात्यांना दाखव. ते एकच उरलेत."

अमळनेर ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. बोरीकाठचं हे तालुक्याचं गाव कापसावर उभं राहिलं. अमेरिकेतल्या यादवी युद्धात, १८६१ ते १८६५, तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेना, तेव्हा खानदेशच्या काळ्या जमिनीला सोन्याचा भाव आला. मागोमाग रेल्वे आली. जळगावात खानदेश मिल उभी राहिली, अमळनेरात प्रतापशेठांची प्रताप मिल, चाळीसगावातही गिरणी. प्रतापशेठांनी गिरणीच्या पैशातून शाळा काढली, १९१६ मध्ये तत्त्वज्ञान मंदिर काढलं. त्या शाळेत १९२४ पासून १९३० च्या सत्याग्रहापर्यंत साने गुरुजी शिकवत होते, आणि पुढे याच गिरणीच्या कामगारांत ते वावरले. १९३६ च्या डिसेंबरात फैजपूरला काँग्रेसचं पहिलं खेड्यातलं अधिवेशन भरलं, नेहरू अध्यक्ष होते, तेव्हा गुरुजी त्यासाठी खानदेशची खेडी पायाखाली घालत होते. विप्रोसुद्धा इथलीच, १९४५ च्या डिसेंबरात वनस्पती तुपाचा कारखाना म्हणून सुरू झालेली. बाहेरचे लोक अमळनेर म्हटलं की विप्रोच्या शेअरवर करोडपती झालेल्यांच्या गोष्टी सांगतात. त्या खऱ्या आहेत. पण माझ्या आजोबांच्या गल्लीत एकाकडेही तो शेअर नव्हता, आणि त्या गल्लीची गोष्ट कोणी सांगत नाही म्हणून मला वाईट वाटतं.

तात्यांचं घर गिरणीच्या जुन्या भिंतीपासून हाकेच्या अंतरावर. वय चौऱ्याऐंशी. साचा खात्यात, म्हणजे मागांवर, आजोबांच्या हाताखाली बदली कामगार म्हणून लागले आणि तिथेच कायम झाले. ओट्यावर उन्हाला बसले होते. मी नमस्कार केला तर कपाळाला हात लावून पाहिलं.

"तू कोननी नात शे?"

सांगितलं.

"मंग भाची व्हयनी आमनी. घरमा ये."

आईच्या गावात हे एक बरं असतं. ओळख द्यावी लागत नाही, सगळा गाव मामा. तात्यांच्या बायकोने, मामींनी, मी बसायच्या आत चुलीवर वांगी भाजायला टाकली. जेवून आले आहे असं म्हणायची सोय नव्हती. डिसेंबरातलं खानदेशी भरीत, वर कच्च्या कांद्याची पात, शेजारी कळण्याची भाकरी, लाल तर्रीची शेवभाजी. पुण्यामुंबईच्या हॉटेलांत 'खानदेशी थाळी' म्हणून जे मिळतं त्यात तेल असतं, हा धूर नसतो. चौथ्या भाकरीला मी हात आडवा धरला तर मामी रागावल्या. पाहुण्याला आग्रह करण्याची ही पद्धत पोटाला त्रास देते आणि मला ती मनापासून हवी असते.

जेवणानंतर चिठ्ठ्या काढल्या. तात्यांनी चष्मा पुसला. "मी वाचस, तू आयक," म्हणाले आणि एकेक चिठ्ठी चटईवर मांडायला लागले, पत्त्यांचा डाव मांडावा तशी.

१९७७. मागे 'सोनूसिंग पाटील, जनता'. पुढच्या कोपऱ्यात चक्रातला नांगरधारी शेतकरी. एरंडोल मतदारसंघाची ती पहिली निवडणूक. निकालाच्या रात्री गिरणीच्या दारात कोणीतरी रेडिओ आणून ठेवला होता आणि तिसऱ्या पाळीची माणसं आत जायला तयार नव्हती, असं तात्या म्हणाले. सोनूसिंग पुढे मोरारजी देसाईंच्या सरकारात गृहखात्याचे राज्यमंत्री झाले. "आमना एरंडोलना मानूस गृहखातामा," तात्यांनी बोटाने चिठ्ठीवर टिचकी मारली. एवढ्या वर्षांनीही त्या वाक्यात अभिमान होता.

१९८० आणि १९८४. काँग्रेसचे विजय नवल पाटील. दोन्हींवर तात्या फार थांबले नाहीत.

१९८९ ची चिठ्ठी मात्र त्यांनी खाली ठेवलीच नाही. मागे 'उत्तमराव पाटील, भाजप' आणि त्याच्यापुढे आजोबांनी कंसात लिहिलेलं, '१९५७ चे'.

"हाई काय शे, ठाऊक का तुले?"

मला ठाऊक नव्हतं. शाळेत आम्हाला १९५७ म्हणजे संयुक्त महाराष्ट्राचा लढा एवढंच शिकवलं, आणि तोही मुंबईत हुतात्मा चौकात झालेला. त्या वर्षी खानदेशने काय केलं ते तात्यांकडून ऐकलं. पूर्व खानदेशने निवडून दिलं नौशेर भरुचा यांना. पारशी, मुंबईचे, अपक्ष. कापूस-केळीच्या मुलखातल्या शेतकऱ्यांनी आणि गिरणी कामगारांनी एका पारशी माणसाला दिल्लीला पाठवलं, कारण तो संयुक्त महाराष्ट्राच्या बाजूने उभा होता. याआधी, पहिल्या लोकसभेत, जळगावचे खासदार होते हरि विनायक पाटसकर. चाळीसगावला वकिली केलेले पाटसकर केंद्रात कायदा खात्याचे मंत्री होते आणि १९५५ चा हिंदू विवाह कायदा, १९५६ चा वारसा कायदा त्यांनी संसदेत पुढे नेला. माझ्या आईला माहेरच्या घरात आज जो कायद्याने शब्द आहे, तो खानदेशच्या एका खासदाराने चालवलेल्या विधेयकांपासून सुरू होतो, हे मला घर विकायला आल्यावर कळलं. १९५७ मध्येच पाटसकर मध्य प्रदेशचे राज्यपाल होऊन गेले.

आणि शेजारच्या धुळ्याने त्याच निवडणुकीत निवडून दिले उत्तमराव पाटील, जनसंघाचे. साऱ्या देशात त्या वर्षी जनसंघाचे चार खासदार आले. एक बलरामपूरचे अटलबिहारी वाजपेयी, एक उत्तर प्रदेशातल्याच हरदोईचे, एक रत्नागिरीचे आणि चौथे धुळ्याचे उत्तमराव. तेच उत्तमराव बत्तीस वर्षांनी एरंडोलमधून पुन्हा लोकसभेत गेले. आजोबांच्या कंसाचा अर्थ तो होता. साच्यावर आठ तास उभ्या राहणाऱ्या, सातवी शिकलेल्या माझ्या आजोबांनी बत्तीस वर्षांचं अंतर मनात धरून ठेवलं होतं.

"आजोबा कोणाला मत द्यायचे?" मी शेवटी विचारलंच. चिठ्ठीवर एका पक्षाचं चिन्ह आणि मागे दुसऱ्याच पक्षाच्या माणसाचं नाव, असं बऱ्याच ठिकाणी होतं. जो आधी दारात येईल त्याची चिठ्ठी ते घेत असावेत.

"ते कोनलेच सांगे नही. पेटीमा टाकं ते पेटीमाच ऱ्हास."

१९९१, पुन्हा विजय नवल पाटील. मग १९९६, १९९८, १९९९, २००४, ओळीने चार चिठ्ठ्यांमागे एकच नाव, भाजपचे अण्णासाहेब एम. के. पाटील. वाजपेयींच्या सरकारात ते राज्यमंत्रीही झाले. या चार चिठ्ठ्यांच्या काळातच गावाचं राजकारण कसं सरकलं ते तात्यांनी एका गोष्टीत सांगितलं. पूर्वी कोणत्याही पक्षाचा उमेदवार असो, त्याला तीनच्या भोंग्याला गिरणीच्या दारात यावंच लागे. पहिली पाळी बाहेर पडते, दुसरी आत जाते, त्या पंधरा मिनिटांत हजारांनी माणसं समोर. तिथे उमेदवाराला शिव्या बसत, प्रश्न बसत, चहाही मिळे. गिरणी थंड पडत गेली तशा सभा बाजार समितीच्या आवाराकडे गेल्या. मग मंगल कार्यालयात. दाराशी आता कोणी येत नाही, कारण दारातून कोणी बाहेर पडत नाही. मला वाटतं, खानदेशच्या गेल्या तीस-चाळीस वर्षांच्या राजकारणावर मी जेवढे लेख वाचले त्यांत हे एक वाक्य कुठे नव्हतं.

नववी चिठ्ठी ठेवून झाली. तात्यांनी चटईवर हात फिरवला. "२००७ नी कोठे शे?"

"२००७ ला आजोबा नव्हते. २००६ च्या पावसाळ्यात गेले."

तात्या बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "हाव. नाना गया तव्हय दिल्लीमा आमनं कोनीच नव्हतं."

हे वाक्य नीट समजायला ते वर्ष आठवावं लागतं. १२ डिसेंबर २००५ ला दूरचित्रवाणीवर छुप्या कॅमेऱ्याची चित्रफीत दाखवली गेली. संसदेत प्रश्न विचारण्यासाठी पैसे घेणारे खासदार. २३ डिसेंबरला संसदेने अकरा जणांना बडतर्फ केलं, दहा लोकसभेचे आणि एक राज्यसभेचा. वेगवेगळ्या पक्षांतले होते, पण त्या दहांत दोघे आमच्या जिल्ह्यातले. एरंडोलचे एम. के. पाटील आणि जळगावचे वाय. जी. महाजन. देशभरातल्या साडेपाचशेच्या आसपास जागांपैकी दहा रिकाम्या झाल्या आणि त्यातल्या दोन शेजारीशेजारी, एकाच जिल्ह्यात. बडतर्फी योग्य की अयोग्य हा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला आणि जानेवारी २००७ मध्ये न्यायालयाने संसदेचा अधिकार मान्य केला. पोटनिवडणुका २००७ मध्ये झाल्या. एरंडोलमधून राष्ट्रवादीचे वसंतराव मोरे आले, जळगावातून भाजपचे हरिभाऊ जावळे. मधल्या वर्षाहून जास्त काळ लोकसभेत जळगाव आणि एरंडोल या दोन नावांपुढे कोणीही बसत नव्हतं.

मी तेव्हा मुंबईत कॉलेजात होते. "तुमच्या जळगावचे ना ते?" असं मला वर्गात विचारायचे आणि मी सांगायचे की मी मुंबईची. त्याची लाज मला त्या चटईवर बसून वाटली.

मग मी पाकीट काढलं.

पत्र फेब्रुवारी २००६ चं होतं. मागणी एकच. गिरणी कामगारांना १९९५ च्या पेन्शन योजनेत महिन्याला शे-पाचशे रुपये मिळतात, ते किमान एक हजार करावेत, आणि हा प्रश्न आपण लोकसभेत मांडावा. आजोबांना साडेचारशे मिळायचे. भाषा अर्जाची, तरी एका ठिकाणी ती सुटलेली: 'साहेब, आमच्यातले रोज कमी होत आहेत.' खाली चौतीस सह्या, त्यात सहा अंगठे. प्रत्येकापुढे खात्याचं नाव. साचा, कांडी, ताणा, रंग, बॉयलर.

"हे पाठवलं का नाही?"

"कोनले धाडतस? नाव कोनतं लिखतस?" तात्या म्हणाले. आजोबांना कोणीतरी सुचवलं होतं की दुसऱ्या जिल्ह्याच्या खासदाराला द्या, राज्यसभेवरच्या कोणाला द्या. त्यांना ते पटलं नाही. आपला खासदार आपला. नावाशिवाय अर्ज जात नाही. पोटनिवडणूक होईल, मग नाव लिहू आणि धाडू. ते नाव मतपेटीतून बाहेर येईपर्यंत ते राहिले नाहीत, आणि पाकीट ट्रंकेत गेलं.

किमान हजार रुपये पेन्शन १ सप्टेंबर २०१४ पासून लागू झालं. म्हणजे मागणी बरोबर होती, हे सांगायलासुद्धा आठ वर्षं उशीर.

तात्यांनी दुसरं पान उन्हाकडे धरलं आणि सह्या वाचायला लागले. नाव वाचायचं, खातं सांगायचं, मग "गया" किंवा "शे". एवढंच. हा कांडीवाला, भजनात पखवाज वाजवायचा, गया. हा बॉयलरवरचा, कानाने बहिरा, गया. हा अंगठा रंग खात्यातल्याचा, बोटं कायम निळी, त्यामुळे शाईची गरज नाही म्हणून सगळे हसले होते, गया. हा मुलाकडे सुरतेला, शे. मामी ओट्यावर येऊन उभ्या राहिल्या होत्या आणि एखादं नाव चुकलं तर दुरुस्त करत होत्या. सतरावी सही आली. तात्या थांबले, पान जवळ आणलं.

"हाई मनी."

अर्ध्या तासाने चौतीस संपल्या. सात जण आहेत. मी मोबाईल काढून फोटो घेणार होते, तो हात वर गेलाच नाही. निघताना मामींनी बिबड्यांची पिशवी हातात दिली आणि मी पुन्हा येते असं सांगून बाहेर पडले. त्या संध्याकाळी आणखी कुठेही गेले नाही.

दुसऱ्या दिवशी एस.टी.ने पारोळ्यावरून एरंडोलला गेले. ठरलेलं काही काम नव्हतं. एकतीस वर्षं ज्या गावाच्या नावावर माझ्या आजोळने मत दिलं ते गाव मी कधी नीट पाहिलं नव्हतं, एवढंच कारण. बाईमाणसाला अर्ध्या तिकिटात प्रवास, त्यामुळे गाडीत बायकाच बायका, बाजाराला, माहेराला, दवाखान्याला निघालेल्या. या सवलतीवर शहरात नाकं मुरडणाऱ्यांनी एकदा पारोळा-एरंडोल गाडीत बसावं. शेजारची बाई म्हणाली की आता ती महिन्यातून दोनदा आईला भेटते.

एरंडोल महामार्गावरचं गाव, अंजनीच्या काठी. पांडववाडा बाहेरून पाहिला. स्टॅंडसमोर चहा घेताना गाडीवरच्या पोराला विचारलं, "एरंडोल लोकसभा मतदारसंघ होता, त्याच्याबद्दल कोणी जुनं माणूस सांगेल का?"

"लोकसभा नाही ताई, विधानसभा म्हणायचं असेल तुम्हाला."

म्हटलं, नाही, लोकसभाच. तो पंचवीसेक वर्षांचा. त्याने शेजारच्या दुकानदाराला विचारलं, त्याने आणखी एकाला. एका मास्तरांनी शेवटी मान हलवली, "होता, होता. गेला."

गेला तो २००८ मध्ये. २००१ च्या जनगणनेवरून न्यायमूर्ती कुलदीप सिंग आयोगाने देशभरच्या मतदारसंघांच्या रेषा पुन्हा आखल्या आणि २००९ ची निवडणूक त्या नव्या रेषांवर झाली. एरंडोल हे नाव लोकसभेच्या यादीतून निघालं आणि मध्य प्रदेशच्या हद्दीजवळच्या रावेरचं नाव आत आलं. रावेरमध्ये चोपडा, भुसावळ, जामनेर, मुक्ताईनगर आणि बुलढाणा जिल्ह्यातलं मलकापूरसुद्धा. अमळनेर, एरंडोल, पाचोरा, चाळीसगाव हे जळगावात, जळगाव शहर आणि ग्रामीणच्या जोडीला. पारोळ्याची तर विधानसभेची जागाही गेली आणि ती एरंडोलमध्ये मिसळली. गंमत अशी नाही, दुःख असं की जुन्या गिरण्यांची तिन्ही गावं, जळगाव, अमळनेर आणि चाळीसगाव, एका मतदारसंघात आली ती तिन्ही गिरण्यांचे भोंगे थांबल्यावर. कामगार म्हणून एकत्र मत द्यायला माणसंच उरली नव्हती.

नव्या जळगाव मतदारसंघाने २००९ आणि २०१४ ला ए. टी. पाटील, २०१९ ला उन्मेष पाटील आणि २०२४ ला अमळनेरच्या स्मिता वाघ यांना निवडून दिलं, सगळे भाजपचे. विधानसभेला मात्र याच अमळनेरने २००९ आणि २०१४, दोन्ही वेळा अपक्ष आमदार दिला. त्या गावाच्या स्वभावात तो १९५७ चा धागा कुठेतरी आहे असं मला वाटतं, मग कोणी काहीही म्हणो. आणि दर निवडणुकीत तापीवरच्या पाडळसे धरणाचं भाषण होतंच. ते धरण गेल्या शतकाच्या शेवटी बांधायला घेतलं, मी तेव्हा शाळेत होते.

रेषा बदलायला माझा विरोध नाही. लोकसंख्या बदलते, जागा बदलायला हव्यात. पण एखाद्या गावाचं नाव संसदेत तीन दशकं पुकारलं गेलं आणि ते थांबलं, तर त्या गावात एक दगडी पाटी तरी लावावी. निवडून आलेल्यांची नावं, सालं, बस. तहसील कचेरीच्या आवारात मी तासभर फिरले. हुतात्म्यांचा स्तंभ पाहिला, नोटिसांचे बोर्ड वाचले. तशी पाटी मला कुठेच दिसली नाही. उन्हाने डोकं दुखायला लागलं आणि पद्मालयाला जायचं मी रद्द केलं. दोन गणपतींचं ते देऊळ झाडीत, तळ्याकाठी आहे, लहानपणी फार आवडायचं. पण चतुर्थी होती, जीपा माणसं लटकवून निघाल्या होत्या आणि मला त्या दिवशी गर्दी नको होती.

पाचव्या दिवशी मामाच्या कामासाठी जळगावला जाऊन आले. खानदेश मिलच्या जागेवर आता मॉल आहे.

संध्याकाळी तात्यांकडे गेले तेव्हा त्यांनी अंघोळ करून, टोपी घालून, पत्र मांडीवर घेऊन ठेवलं होतं. ते मी परवा त्यांच्याकडेच विसरले होते असं मी म्हणाले, त्यांना ते खरं वाटलं की नाही माहीत नाही. त्यांचा नातू स्टेशन रोडला झेरॉक्सचं दुकान चालवणाऱ्याला ओळखत होता. दुकानात मी त्याला दोन्ही पानं दिली, पाकीटही, कोऱ्या जागेसकट.

"किती काढू?"

"सात," तात्या म्हणाले. ते माझ्यासोबत रिक्षातून आले होते आणि काउंटरला धरून उभे होते. "एक सुरतले धाडनी शे."